कॅनरीला १० टक्के दिले, तरी वाटणी जुळत नाही: इस्टिओमध्ये काय आणि कुठल्या क्रमाने तपासायचं

नवीन व्हर्जनला थोडं ट्रॅफिक देऊन (यालाच कॅनरी म्हणतात) हाताने चाचणी घेताना तोच तोच गोंधळ होतो. यॅमलमध्ये वेट, म्हणजे वाटणीचं प्रमाण, ९०-१० लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात आकडे भलतेच येतात. इस्टिओ म्हणजे कुबरनेटीसवरच्या सर्व्हिसमधलं ट्रॅफिक हाताळणारी मेश. खालची उदाहरणं तिच्या बुकइन्फो या नमुना ॲपवरची आहेत, कारण ते कुणालाही आपल्या क्लस्टरवर चढवून पाहता येतं. त्यात प्रॉडक्टपेज ही सर्व्हिस रिव्ह्यूजला बोलावते, पोर्ट ९०८०. रिव्ह्यूजचं व्ही१ तारे दाखवत नाही, व्ही२ काळे तारे दाखवतं, व्ही३ लाल. इथे व्ही१ आणि व्ही२ एवढेच धरू. व्ही३ चे पॉड, म्हणजे चालू प्रती, शून्यावर आणून ठेवा.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा, कारण पुढच्या निम्म्या तपासण्या तिच्यावर उभ्या आहेत. साइडकार मोडमध्ये प्रत्येक पॉडात ॲपशेजारी एन्व्हॉय हा प्रॉक्सी बसतो, तोच साइडकार; वाटणी होते ती रिक्वेस्ट पाठवणाऱ्याच्या एन्व्हॉयमध्ये. रिव्ह्यूजच्या पॉडमधल्या साइडकारला ९०-१० चा पत्ताही नसतो. म्हणून रिव्ह्यूजचे लॉग चाळत बसण्याआधी तिला बोलावणाऱ्याकडे जायचं.

लक्षणं

- वेट ९०-१०, पण व्ही२ वर एकही रिक्वेस्ट पोचत नाही.
- वेट काहीही टाका, वाटणी निम्मी-निम्मी होते किंवा पॉडच्या संख्येप्रमाणे होते.
- दहातली साधारण एक रिक्वेस्ट ५०३ देते, बाकीच्या ठीक.
- गेटवेमार्गे बाहेरून वाटणी बरोबर, आतल्या सर्व्हिसकडून चुकीची. किंवा याच्या उलट.
- हेडर पाठवला की व्ही२ मिळतं, पण त्याच्या पुढची सर्व्हिस जुन्याच व्हर्जनची लागते.
- पान अर्धवट उघडतं, जावास्क्रिप्टच्या फाइलला ४०४.
- वेट बदललं, थोड्या वेळाने आपोआप पूर्ववत.
- वेट ०, तरी व्ही२ काहीतरी काम करतंय.

प्रॉडक्शनवर असाल तर आधी वेट १००-० करा

शोधाशोध नंतर. आणि हे करताना व्हर्च्युअलसर्व्हिस (वेट जिथे लिहितो ते कॉन्फिग) डिलीट करू नका. घाईत रोलबॅक म्हणून नेमकं हेच केलं जातं आणि त्याचा परिणाम उलटा होतो. व्हर्च्युअलसर्व्हिस गेली की एन्व्हॉय साध्या कुबरनेटीस सर्व्हिसवर येतो, आणि त्या सर्व्हिसमागे दोन्ही व्हर्जनचे पॉड उभे असतात. व्ही१ चे तीन आणि व्ही२ चा एक पॉड असेल तर १० टक्क्यांवरून कॅनरी थेट २५ टक्क्यांच्या आसपास जातं. वेट १००-० ठेवलं की नवीन रिक्वेस्ट व्ही२ कडे जाणं थांबतं आणि त्याचा पॉड तपासायला जिवंत राहतो.

१. पुरेशा रिक्वेस्ट पाठवल्या का?

फुकटातली तपासणी, आणि बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. एन्व्हॉय दर दहावी रिक्वेस्ट मोजून व्ही२ ला देत नाही. प्रत्येक रिक्वेस्टला स्वतंत्रपणे नाणं उडवल्यासारखी निवड होते. वेट १० असताना फक्त १० रिक्वेस्ट पाठवल्या तर एकही व्ही२ वर न जाण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के आहे. २० पाठवल्या तरी १२ टक्के उरते. १०० पाठवल्यावर ४ ते १६ मधला कुठलाही आकडा नेहमीचाच समजा, ५०० वर ३७ ते ६३. वेट १ टक्का असेल तर १०० रिक्वेस्टमध्येही एकही न जाण्याची शक्यता ३७ टक्क्यांच्या जवळ जाते, त्यामुळे हाताने तपासताना १ टक्क्याच्या वाटेला जाऊ नका. आधी ५०-५० लावून वाटणी होते का ते पाहा, मग खाली आणा.

मोजायचं कसं? रेटिंग्जच्या पॉडमधल्या रेटिंग्ज कंटेनरमध्ये एक्झेक करून रिव्ह्यूजच्या ९०८० पोर्टवर, रिव्ह्यूज/० या पाथला, कर्लने २०० वेळा रिक्वेस्ट पाठवायची आणि उत्तरात ब्लॅक हा शब्द किती ओळींत येतो ते ग्रेपने मोजायचं. कर्ल उत्तराच्या शेवटी नवी ओळ टाकत नाही. लूपमध्ये दर कर्लनंतर रिकामा एको नसेल तर दोनशेच्या दोनशे उत्तरं एकाच ओळीत चिकटतात आणि ग्रेप निमूटपणे १ असा आकडा देतो. मग "व्ही२ वर एकच गेली" म्हणून आरडाओरडा होतो.

दुसरी मेख: रेटिंग्ज सर्व्हिस बंद असेल तर व्ही२ च्या उत्तरातही रंग नसतो. तारे नाहीत म्हणजे व्ही१, असं गृहीत धरू नका. आपल्या ॲपवर याहून चांगला उपाय आहे. व्हर्च्युअलसर्व्हिसमध्ये प्रत्येक वेटच्या डेस्टिनेशनखाली रिस्पॉन्स हेडर जोडता येतो. व्ही१ च्या राउटवर एक किंमत, व्ही२ च्या राउटवर दुसरी. ॲपच्या कोडला हात न लावता प्रत्येक उत्तरावर शिक्का बसतो आणि मोजणी तेवढ्यावर होते.

२. रिक्वेस्ट पाठवताय कुठून?

पोर्ट-फॉरवर्ड करून लॅपटॉपवरून तपासत असाल तर ते निकाल सोडून द्या. सर्व्हिसचं नाव देऊन पोर्ट-फॉरवर्ड केलं तरी क्यूबसीटीएल त्यामागचा एक पॉड निवडतं आणि सगळ्या रिक्वेस्ट त्याच एका पॉडमध्ये जातात. वाटणीचा प्रश्नच येत नाही.

पाठवणाऱ्या पॉडला साइडकार आहे का ते पॉडच्या यादीतल्या रेडी रकान्यात दिसतं. एका कंटेनरच्या ॲपला २/२ हवं. १/१ असेल तर साइडकार नाही, रिक्वेस्ट कुबरनेटीसच्या क्यूब-प्रॉक्सीच्या हवाली होते आणि तिथे दोन्ही व्हर्जनच्या पॉडमधून कुठलाही निवडला जातो. "वेट काहीही टाका, निम्मी-निम्मी" या लक्षणाचं मूळ बहुतेकदा हेच. नेमस्पेसला (क्लस्टरमधल्या कप्प्याला) इंजेक्शनचं, म्हणजे आपोआप साइडकार घालण्याचं, लेबल नंतर लावलं असेल तर आधीपासून चालू असलेल्या पॉडना साइडकार आपोआप लागत नाही. रोलआउट रीस्टार्ट करावा लागतो.

एक्झेक करताना कंटेनरचं नाव द्यायला विसरू नका. इस्टिओ-प्रॉक्सी या कंटेनरमध्ये शिरून कर्ल मारलं तर वाटणी दिसणार नाही. एन्व्हॉय १३३७ या युजर आयडीने चालतो आणि आयपीटेबल्सचे नियम त्या आयडीचं ट्रॅफिक मुद्दाम वगळतात, नाहीतर एन्व्हॉयकडून निघालेली रिक्वेस्ट परत एन्व्हॉयकडेच वळली असती. म्हणजे त्या कंटेनरमधून मेशला वळसा घालून थेट बाहेर पडता.

अँबियंट मोड (साइडकारविना मेश) असेल तर ही साइडकारची गणितं लागू होत नाहीत. तिथे झीटनेल हा नोडवरचा प्रॉक्सी फक्त चौथ्या लेयरचं, म्हणजे कनेक्शनपुरतं, पाहतो. एचटीटीपीच्या वेटसाठी रिव्ह्यूजसमोर वेपॉइंट (एचटीटीपी समजणारा प्रॉक्सी) लागतो आणि निर्णय तिथे होतो. वेपॉइंट नसेल तर वेट नुसतं लिहिलेलं राहतं. अँबियंटवर वाटणीसाठी गेटवे एपीआयचा एचटीटीपीराउट वापरणं बरं, पण त्यात सबसेट (लेबलांवरून पाडलेले पॉडचे गट) नसतात, दोन व्हर्जनसाठी दोन वेगळ्या सर्व्हिस कराव्या लागतात.

३. ॲनलाइझ चालवा

इस्टिओसीटीएल ॲनलाइझ त्या नेमस्पेसवर चालवा. ही कमांड फक्त वाचते, काही बदलत नाही. आयएसटी०१०१ आलं तर तुम्ही उल्लेख केलेला होस्ट किंवा सबसेट सापडत नाही. आयएसटी०१०३ म्हणजे पॉडला प्रॉक्सी नाही. आयएसटी०१०९ म्हणजे एकाच होस्टसाठी मेशमध्ये एकाहून जास्त व्हर्च्युअलसर्व्हिस आहेत. गेटवेवर अशा तुकड्यांची सरमिसळ होते, मात्र साइडकारसाठी होत नाही. तिथे जुनी असेल ती लागू होते आणि तुमची नवी नुसती पडून राहते. कुणीतरी टाइमआउटसाठी लिहिलेली चार ओळींची व्हर्च्युअलसर्व्हिस अशी आडवी येते.

वेट आपोआप पूर्ववत होत असेल तर दोष मेशचा नाही. गिटमधलं कॉन्फिग क्लस्टरवर लावणाऱ्या आर्गो सीडीचा सेल्फ-हील चालू आहे, किंवा फ्लॅगर वा आर्गो रोलआउट्स ही कॅनरी आपोआप चालवणारी साधनं ते ऑब्जेक्ट सांभाळतायत. व्हर्च्युअलसर्व्हिस मॅनेज्ड फील्ड्ससकट यॅमलमध्ये काढली की शेवटचा हात कुणी लावला ते नावानिशी दिसतं. अशा वेळी गिटमध्ये बदल करा किंवा तेवढ्यापुरतं सिंक थांबवा; हाताने एडिट करून त्या कंट्रोलरशी कुस्ती खेळू नका.

४. ५०३ येत असेल तर लेबलं आणि सबसेट

५०३ च्या मागे एन्व्हॉय दोन-तीन अक्षरी फ्लॅग लिहितो, आणि तोच खरा धागा. बोलावणाऱ्याच्या, म्हणजे प्रॉडक्टपेजच्या, इस्टिओ-प्रॉक्सी कंटेनरचा ॲक्सेस लॉग पाहा. लॉग रिकामा असेल तर तो बंद आहे. डेमो प्रोफाइलमध्ये चालू असतो, डीफॉल्ट प्रोफाइलमध्ये मेश कॉन्फिग किंवा टेलिमेट्री रिसोर्समधून चालू करावा लागतो.

एनसी आला तर क्लस्टरच (एन्व्हॉयच्या भाषेत, रिक्वेस्ट जिथे पाठवायची तो पॉडचा गट) सापडलं नाही: व्हर्च्युअलसर्व्हिसमध्ये व्ही२ हा सबसेट लिहिलाय, डेस्टिनेशनरूलमध्ये (सबसेट जिथे ठरवतात ते कॉन्फिग) तो नाही. यूएच आला तर सबसेट आहे, पण त्यात एकही धड चालणारा पॉड नाही. यूएफ म्हणजे पॉडशी कनेक्शनच जमलं नाही. ४०४ सोबत एनआर असेल तर राउटच जुळला नाही.

यूएच बहुतेक वेळा लेबलातून येतो. सर्व्हिसचा सिलेक्टर फक्त ॲपच्या लेबलावर हवा. कुणी त्यात व्हर्जन व्ही१ घालून ठेवलं असेल तर व्ही२ चे पॉड त्या सर्व्हिसमध्ये कधीच येत नाहीत, मग सबसेट कितीही नीट लिहा. आणि सबसेट जुळवतो ती पॉडवरची लेबलं. डिप्लॉयमेंटच्या वरच्या मेटाडेटात व्हर्जन लिहून आतल्या टेम्प्लेटमध्ये विसरलं, तर डिप्लॉयमेंटची यादी छान दिसते आणि सबसेट रिकामा राहतो. पॉडची यादी लेबलांसकट काढा, डोळ्यांनी जुळवा.

एनसी फक्त एकाच नेमस्पेसमधल्या कॉलरना (बोलावणाऱ्या सर्व्हिसना) येत असेल तर त्या नेमस्पेसमध्ये रिव्ह्यूजसाठी वेगळा डेस्टिनेशनरूल आहे का ते शोधा. इस्टिओ आधी कॉलरच्या नेमस्पेसमध्ये बघतो, मग सर्व्हिसच्या, मग इस्टिओच्या स्वतःच्या रूट नेमस्पेसमध्ये. पहिल्या ठिकाणी सापडला की पुढे जात नाही. त्या स्थानिक डेस्टिनेशनरूलमध्ये सबसेट नसतील तर तुमचे सबसेट तिथे अस्तित्वातच नाहीत.

बदल लावताना काही क्षणच ५०३ येऊन थांबत असतील तर क्रम चुकलाय. आधी डेस्टिनेशनरूल, काही सेकंद थांबायचं, मग व्हर्च्युअलसर्व्हिस. काढताना उलट. दोन्ही एका फाइलमध्ये एकदम लावले तर कुठल्या एन्व्हॉयला कुठलं आधी पोचेल याचा भरवसा नाही.

५. होस्ट आणि गेटवे

व्हर्च्युअलसर्व्हिसमध्ये गेटवेची यादी दिलीच नाही तर ती मेशमधल्या साइडकारना लागू होते. एखाद्या गेटवेचं नाव लिहिलं की फक्त त्या गेटवेला. दोन्हीकडे हवी असेल तर यादीत मेश हा शब्द स्वतः लिहावा लागतो, आणि होस्टमध्ये बाहेरचं डोमेन व आतल्या सर्व्हिसचं नाव दोन्ही. "बाहेरून बरोबर, आतून चुकीचं" याचं उत्तर इथे मिळतं.

आखूड नाव लिहू नका. नुसतं रिव्ह्यूज लिहिलं तर ते व्हर्च्युअलसर्व्हिस ज्या नेमस्पेसमध्ये आहे तिथलं रिव्ह्यूज धरलं जातं. सर्व्हिसचं नाव, नेमस्पेस, एसव्हीसी, क्लस्टर, लोकल असं टिंबांनी जोडलेलं पूर्ण नाव द्या.

६. पोर्टचा प्रोटोकॉल

वेट एचटीटीपीच्या ब्लॉकमध्ये आहे, पण सर्व्हिसच्या पोर्टचं नाव टीसीपीने सुरू होतंय, तर एन्व्हॉय त्या पोर्टवर एचटीटीपी पाहतच नाही आणि तो ब्लॉक निरुपयोगी ठरतो. पोर्टच्या नावाची सुरुवात एचटीटीपी किंवा जीआरपीसीने करा, नाहीतर ॲपप्रोटोकॉल हे फील्ड भरा. ॲप स्वतःच एचटीटीपीएसने बोलावत असेल तरीही हेच होतं: साइडकारला बंद पाकीट दिसतं, आतला पाथ आणि हेडर दिसत नाहीत. मेश स्वतः एमटीएलएस (दोन्ही बाजूंची ओळख पटवणारं एन्क्रिप्शन) लावत असताना ॲपने आत साधं एचटीटीपी बोलावं.

टीसीपीवरच वाटणी करायची असेल तर ती कनेक्शनमागे होते. कनेक्शन पूल उघडा ठेवणारा क्लायंट तासभर एकाच व्हर्जनला चिकटून राहू शकतो. एचटीटीपीवर मात्र कीप-अलाइव्ह चालू असला तरी निवड दर रिक्वेस्टला होते, त्यामुळे तिथे कीप-अलाइव्हवर संशय घेऊ नका.

७. हेडर, कुकी आणि चिकटून राहणं

हेडरने व्ही२ मागायचं असेल तर तो मॅच वेटच्या राउटच्या वर लिहा. पहिला जुळलेला राउट घेतला जातो. वर विनाअट राउट असेल तर खालचं कधीच वाचलं जात नाही.

पुढच्या सर्व्हिसला जुनं व्हर्जन लागतंय, कारण हेडर पुढे गेलाच नाही. आत आलेली रिक्वेस्ट आणि ॲपने बाहेर काढलेली रिक्वेस्ट यांचं नातं साइडकारला कळत नाही. हेडर ॲपनेच पुढच्या कॉलवर ठेवायला हवा. बुकइन्फोचं प्रॉडक्टपेज एंड-युजर हा हेडर असाच कोडमधून पुढे देतं.

अर्धवट पानाची गंमत फ्रंटएंडला कॅनरी केल्यावर दिसते. एचटीएमएल व्ही२ कडून आलं, त्यात हॅशवालं नवं फाइलनाव आहे, ती फाइल मागणारी पुढची रिक्वेस्ट ९० टक्के शक्यतेने व्ही१ कडे गेली. त्याच्याकडे ती फाइल नाहीच. इथे डेस्टिनेशनरूलमधला कन्सिस्टंट हॅश लावून उपयोग होत नाही, कारण आधी वेटने सबसेट निवडला जातो आणि हॅश त्या सबसेटच्या आतल्या पॉडमध्येच निवड करतो. कुकीवर मॅच करा. कुकीचा रेगेक्स संपूर्ण हेडरशी जुळावा लागतो. फक्त आपल्या कुकीचा तुकडा लिहिला तर ब्राउझरने दुसरी एक कुकी जोडताच मॅच तुटतो. आधी आणि नंतर काहीही चालेल अशी जागा पॅटर्नमध्ये ठेवा.

८. एन्व्हॉयच्या पोटात काय आहे

इथवर सापडलं नाही तर यॅमल बाजूला ठेवा. इस्टिओसीटीएल प्रॉक्सी-स्टेटसमध्ये कॉलरच्या पॉडसमोर सिंक्ड हवं. मग प्रॉक्सी-कॉन्फिग राउट्स, कॉलरचा पॉड, नाव ९०८०, आउटपुट जेसन. त्यात वेटेड क्लस्टर्सखाली दोन नावं आणि ९०, १० दिसली पाहिजेत. क्लस्टरच्या नावात उभ्या रेषांनी तोडलेले चार भाग असतात: आउटबाउंड, ९०८०, सबसेट, पूर्ण होस्ट. सबसेटची जागा रिकामी असेल तर तुमची व्हर्च्युअलसर्व्हिस या एन्व्हॉयला लागूच झालेली नाही. पाचव्या मुद्द्यावर परत या. शेवटी त्याच क्लस्टरच्या नावाने प्रॉक्सी-कॉन्फिग एंडपॉइंट्स: स्टेटस हेल्दी आणि आउटलायर चेक ओके. कॅनरीला एकच पॉड ठेवून आउटलायर डिटेक्शन (सतत चुकणारा पॉड काही काळ बाजूला काढणं) लावलं असेल तर हा रकाना आवर्जून बघा.

९. वेट ० असूनही व्ही२ चालतंय

लॉगमध्ये फक्त हेल्थ चेक असतील तर ते कुबरनेटीसच्या क्यूबलेटचे, विसरा. पण मेश फक्त आत येणाऱ्या रिक्वेस्ट वाटते. व्ही२ चा पॉड उभा राहिला की त्यातला काफ्का कन्झ्युमर (रांगेतले मेसेज वाचणारा भाग) व्ही१ च्याच ग्रुपमध्ये सामील होतो आणि पार्टिशनचा वाटा घेतो. आतला शेड्युलर चालू होतो. सुरुवातीचं डेटाबेस मायग्रेशन तर कधीच होऊन गेलेलं असतं. वेट ० ठेवून हे काही थांबत नाही. कन्झ्युमर आणि शेड्युलर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने बंद ठेवून कॅनरी चढवा. वेगळा कन्झ्युमर ग्रुप द्यायचा मोह टाळा, त्याने प्रत्येक मेसेज दोनदा प्रोसेस होईल.

इथे थांबा आणि प्लॅटफॉर्म टीमला बोलवा

प्रॉक्सी-स्टेटसमध्ये काही मिनिटं स्टेल दिसतंय किंवा एन्व्हॉयना कॉन्फिग पुरवणारं इस्टिओडी वारंवार रीस्टार्ट होतंय. यूएफसोबत सर्टिफिकेट पडताळणीची एरर आहे. अशा वेळी पीअर ऑथेंटिकेशन (एमटीएलएसची सक्ती) सैल करून "चालतंय का बघू" असं करू नका, अख्ख्या नेमस्पेसची सुरक्षा जाते. व्ही२ ला पुढच्या सर्व्हिसकडून आरबॅकचा, म्हणजे परवानगी नाकारल्याचा, ४०३ मिळतोय. बहुधा व्ही२ नव्या सर्व्हिस अकाउंटवर चढलंय आणि ऑथरायझेशन पॉलिसीत त्याचं नाव नाही, पण ती पॉलिसी ज्यांची आहे त्यांनीच बदलावी. आठव्या मुद्द्यातलं सगळं बरोबर दिसतंय, योग्य ठिकाणाहून ५०० रिक्वेस्ट पाठवल्या, तरी आकडा पहिल्या मुद्द्यातल्या पट्ट्याबाहेर आहे. आणि मायग्रेशनने टेबलं बदलली असतील किंवा पैशांच्या नोंदी दोनदा पडल्या असतील, तर मेशशी खेळणं थांबवून डीबीएला आधी सांगा.

त्यांना देताना कॉलरच्या पॉडचं नाव आणि नेमस्पेस, एका फसलेल्या रिक्वेस्टचा एक्स-रिक्वेस्ट-आयडी, कॉलरच्या ॲक्सेस लॉगची ती ओळ आणि प्रॉक्सी-कॉन्फिग राउट्सचं जेसन द्या. वेळ लिहाल ती यूटीसीमध्ये. एन्व्हॉयचा लॉग यूटीसीत असतो आणि भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, त्यामुळे दुपारचा लॉग शोधताना समोरचा माणूस भलत्याच तासात चाळत बसतो.